संध्याकाळच्या बसने परत : हिंगणघाट तालुक्यातल्या एका चित्रकर्तीचं प्रकरण

ऑगस्ट २०२३ मध्ये ती माझ्या घरी आली तेव्हा पिशवीत चित्रं नव्हती, ब्रश होते. सात ब्रश, जुन्या रुमालात गुंडाळलेले, टोकं अजून शाबूत. "सर, हे शाळेतल्या पोरांना द्या. माझ्याकडे नुसते पडून आहेत." मी ते ठेवून घेतले, पण कोणाला दिले नाहीत. पुढच्या सोळा-सतरा महिन्यांत जे घडलं ते इथे सविस्तर मांडतो आहे, कारण घर, शेत आणि पोरं सांभाळून रंगाला हात लावणाऱ्या कितीतरी जणांचं गाडं नेमकं इथेच अडतं. तिच्या परवानगीने लिहितो आहे. नाव आणि गाव तिच्याच सांगण्यावरून गाळलं आहे. हिंगणघाट तालुका, एवढं पुरे.

ती माझी शाळेतली विद्यार्थिनी. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा चांगल्या श्रेणीत पास, पुढे एटीडी (कलाशिक्षकाची पदविका) केलं, मग लग्न. वय आता चाळिशीच्या घरात. घरी सात एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. नवरा शेती बघतो, मुलगा दहावीत, सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढे. चित्रकलेतून मिळकत तीन वाटांनी होत असे: दुकानांच्या पाट्या, शाळांच्या बोलक्या भिंती, आणि तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या, आधी महिनाभर लाकडी बैल रंगवायचं काम. पाट्या फ्लेक्सने खाल्ल्या. भिंतींची कामं कधी निघतात, कधी नाही. बैल तेवढे टिकून आहेत.

स्वतःसाठीची चित्रंही ती काढायची. विहिरीवरच्या बाया, बैलगाडी, वासुदेव, सूर्यास्त. हात तयार असल्यामुळे ती देखणी व्हायची आणि वास्तुशांतीच्या भेटीला कोणीतरी घेऊनही जायचं. पण विहिरीवर आता कोणी जात नाही, गावात नळ आहे. बैलगाडी ती मोबाइलवरचा फोटो बघून काढत होती. "हात चालतो सर, पण डोळ्यासमोर काहीच येत नाही," हे तिचं त्या दिवशीचं वाक्य.

माझा चुकलेला सल्ला

इथे माझी एक चूक सांगणं भाग आहे. २०२२ च्या हिवाळ्यात मीच तिला म्हटलं होतं, एकदा अजिंठा बघून ये, सगळं सुटेल. नातेवाइकांनी गाडी केली होती, तीत तिला जागा मिळाली. दोन दिवसांत अजिंठ्याची ३० आणि वेरूळची ३४ लेणी. अजिंठ्याच्या आतल्या अंधुक उजेडात डोळे सरावतात न सरावतात तोच पुढे चला. परत आली तेव्हा मोबाइलमध्ये चारशेच्या वर फोटो होते. चित्र एकही झालं नाही. उलट, इतकं थोर काम बघितल्यावर आपण काय काढायचं, हा दगड छातीवर बसला. ब्रश देऊन टाकण्याची सुरुवात तिथली.

चूक अजिंठ्याची नव्हती, मात्रेची होती. पहिल्यांदा जेवायला बसलेल्याला पंगतीतले सगळे पदार्थ एकदम वाढले तर तो काय खाणार?

तरी त्या सहलीतून एक धागा हाती लागला. अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं वराहदेवाने खोदवून घेतलं. तो वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, आणि हा राजा वत्सगुल्म शाखेचा. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम. त्याच वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेची राजधानी प्रवरपूर. ते प्रवरपूर म्हणजे धाम नदीकाठचं पवनार, अशी मांडणी इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी केली. मी तिला म्हटलं, ज्यांच्यामुळे अजिंठ्याचं ते लेणं झालं त्यांचे भाऊबंद तुझ्या घरापासून दीड-दोन तासांवर आहेत. तिथे जा. पण या वेळी वेगळ्या रीतीने.

रीत आम्ही दोघांनी बसून ठरवली. जायचं ते संध्याकाळच्या बसने घरी परत येण्यासाठी. एका फेरीत एकच ठिकाण, आणि तिथेही एकच भिंत किंवा एकच दालन. मोबाइल पिशवीत, वही हातात. खर्च चहापाण्यासकट चारशेच्या आत. आणि परतल्यावर तीन दिवसांच्या आत एक चित्र काढायचं, पण पाहिलेल्या वस्तूचं नाही, आपल्या गावातल्या एखाद्या गोष्टीचं. या शेवटच्या अटीवर मी अडून बसलो. मूर्तीचं चित्र काढलं की ती फक्त नक्कल होते, आणि नक्कल करण्यात ही आधीच तरबेज होती.

१७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. ही सवलत नसती तर हा सगळा प्रयोग कागदावरच राहिला असता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. गावातल्या बाईच्या प्रवासाचा हिशेब घरात पै-पैने होतो. तिकीट अर्धं झालं तेव्हा निम्मा वाद आपोआप मिटला. उरलेला निम्मा सासूबाईंचा होता. "काहून जाते वं एवढ्या दूर? दगडं पाहाले कोनी बस भरून जाते काय?"

पवनार

पोळा झाला, बैलांचे पैसे हातात आले आणि सप्टेंबरमध्ये ती पहिल्या फेरीला निघाली. हिंगणघाटहून वर्धा, वर्ध्याहून नागपूर रस्त्यावर पवनार.

विनोबांच्या आश्रमाच्या परिसरात जमीन खणताना सापडलेली वाकाटककालीन शिल्पं तिथेच भिंतींतून बसवलेली आहेत. विनोबांच्या स्वतःच्या कुदळीला लागलेली भरत-भेटीची मूर्तीही तिथेच आहे. मिराशींनी या शिल्पांत रामायणातले प्रसंग ओळखले. तिला मात्र मी जाण्याआधी एकही गोष्ट सांगितली नव्हती. कथा कळली की डोळे कथा शोधतात आणि दगड दिसायचा राहून जातो.

ती तीन तास एकाच शिल्पापुढे बसली. दीड हजार वर्षांत झिजून चेहरे बोथट झालेले, कुठे नाक नाही, कुठे डोळ्यांच्या जागी नुसता खळगा. पहिला तासभर तिच्या वहीत काही धड उमटलं नाही. मग तिच्या लक्षात आलं की चेहरा नसलेला माणूसही काय करतोय ते कळतं आहे. कशामुळे? उभं राहण्यामुळे. अंगाचा भार कोणत्या पायावर आहे त्यामुळे. एका आकृतीचा डावा पाय जमिनीत रुतल्यासारखा आणि उजवा सैल, त्यामुळे कंबर एका बाजूला गेलेली, आणि त्या कमरेला सावरायला खांदा उलट दिशेला झुकलेला. वहीच्या त्या पानावर फक्त पाय आहेत. अकरा जोड्या पाय, आणि प्रत्येक जोडीखाली एका पायाशी छोटी फुली. भार तिथे.

घरी आल्यावर तीन दिवसांची अट होती. कापूस फुटायला अवकाश होता, म्हणून तिने शेंगा तोडणाऱ्या सासूबाईंचे पाय काढले. चित्र साधंच झालं. पण वर्षभरात मोबाइल न बघता काढलेलं ते पहिलं चित्र.

खरा फायदा वेचणी सुरू झाल्यावर झाला. कापूस वेचणाऱ्या बाया ती जन्मापासून बघत आलेली, स्वतःही वेचते. कमरेला फडकं बांधून त्याची ओटी करतात, बोंडातून काढलेला कापूस त्यात जात राहतो, ओटी भरली की धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, ढिगाशी नेऊन रिती करायची, पुन्हा आपल्या ओळीला लागायचं. आता तिला त्यात काय दिसलं ते बघा. ओटी रिकामी करून आलेली बाई पुढे वाकून वेचते, दोन्ही पाय सारखे. ओटी भरत जाते तशी ती पुढच्या बाजूला ओढली जाते, मग पाठ मागे तणते, एक पाय पुढे येतो, टाच रुतते. भरत आलेली ओटी पोटाशी घेऊन चालणारी बाई पोटुशी बाई चालते तशीच चालते, फार जवळून पाहिल्याशिवाय फरक कळू नये. कापूस हलका असतो, असं आपण सगळे म्हणतो. ज्याने दिवसभर तो कमरेला बांधलाय त्याला विचारा.

एकाच बाईची, एकाच जागेवरून, ओटी रिती असल्यापासून भरेपर्यंतची सहा रेखाटनं तिने नोव्हेंबरात केली. चेहरे नाहीत. मी ती पाहिली तेव्हा कपाटातून रुमाल काढून ब्रश तिच्या हातात परत दिले.

नागपूर, आणि रिकामी जागा

नागपूरच्या पहिल्या फेरीचा विचका झाला. सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे १८६३ सालचा अजब बंगला, बघायचा होता. ती गेली सोमवारी आणि सोमवारी संग्रहालय बंद. ही साधी गोष्ट मी तिला आधी सांगायला हवी होती.

हिंगणघाटची बस जामवरून जाते, येऊन-जाऊन सगळा दिवस त्यात गेलेला. असं रिकाम्या हाताने कसं परतायचं, म्हणून वर्तमानपत्रात पत्ता वाचलेल्या एका खासगी गॅलरीत ती गेली. दारातल्या माणसाने "कोणाला भेटायचंय?" असं विचारलं. "चित्रं बघायची आहेत" म्हटल्यावर त्याने तिच्या चपलांकडे आणि पिशवीकडे पाहिलं. मला हे ऐकून वाईट वाटलं आणि अजून वाटतं. प्रदर्शनाला तिकीट नव्हतं, दार उघडं होतं, पण गावाकडच्या माणसाला आपण इथे चुकून आलो असं वाटायला एवढा एक प्रश्न पुरतो. कितीतरी जण तिथूनच मागे फिरतात. जे गॅलऱ्या चालवतात त्यांनी दारात कोणाला उभं करायचं याचा विचार करावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

ती आत गेली आणि पन्नास मिनिटं एकाच कॅनव्हासपुढे उभी राहिली. अमूर्त चित्र होतं. काय काढलंय ते तिला कळलं नाही, आणि तिने ते मोकळेपणाने मला सांगितलं. पण अर्ध्याहून जास्त कॅनव्हास चित्रकाराने कोराच सोडला होता. कोरी जागा कोरडी वाटत नव्हती, उलट सगळं चित्र तिच्याच आधाराने उभं होतं.

आता हे तिला का भिडलं? पाट्या आणि भिंती रंगवणाऱ्याला गिऱ्हाईक भरगच्चपणाचे पैसे देतं. एक वीत जागा सुटली तर सरपंच विचारणार, इथे रिकामं काहून ठेवलं? वीस वर्षं तिने रिकाम्या जागेला घाबरून काम केलं होतं. कापूस काढायचा तर पांढरा पोस्टर कलर काढायचा, ठिपके देत सुटायचं. जलरंगात पांढरा म्हणजे न रंगवलेला कागद, हे आपण सगळे शिकतो आणि ती इंटरमिजिएटलाच शिकली होती. पण शिकणं वेगळं, आणि दुसऱ्या कोणीतरी बिनधास्त कोरी जागा सोडलीय आणि ती भिंतीवर सन्मानाने लटकली आहे हे उभं राहून बघणं वेगळं.

तीन दिवसांच्या आत जे चित्र झालं त्यात ओटीतला कापूस रंगवलेलाच नाही. भोवतीची सावली, साडी, माती रंगवली आणि कापूस कागदाने केला.

नंतर बुधवार बघून अजब बंगलाही झाला. पहिल्याच फेरीत सगळी दालनं फिरायचा मोह तिला आवरला नाही, डोकं दुखायला लागलं, वहीत काही नाही. दुसऱ्या खेपेला एकच दालन, तेव्हा कुठे चार पानं भरली.

काळा रंग

पांढऱ्याचा प्रश्न सुटला तसा काळ्याचा उभा राहिला. आपली जमीन काळी. बाटलीतला काळा लावला की ती मरून जायची, डांबर टाकल्यासारखी. तिने सरळ वावरातली माती आणली, वस्त्रगाळ केली, डिंकात कालवली आणि कागदावर लावली. ओली असताना सुरेख दिसली. सकाळपर्यंत तिला भेगा पडल्या आणि खपल्या सुटल्या. यात आश्चर्य काहीच नाही. कापसाच्या काळ्या जमिनीतली चिकणमाती पाण्याने फुगते आणि सुकताना आक्रसते, म्हणून तर उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जे वावरात होतं तेच कागदावर झालं. पातळ हात दिला की टिकतं, पण मग तो काळा राहत नाही, राखाडी होतो.

जानेवारीत ती वर्ध्याच्या मगन संग्रहालयात गेली. १९३८ साली गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं, मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ ते उभं आहे. चरखे, ग्रामोद्योगाची अवजारं आणि नैसर्गिक रंगातली खादी. एकच दालन या नियमाप्रमाणे तिने चरखे सोडले आणि कापडापाशी थांबली. तिथला एक काळा तिला दिसला, मऊ, किंचित तपकिरी झाक असलेला, पहिल्या पावसानंतरच्या वावरासारखा. तो हिरडा आणि लोखंडाने होतो हे तिला तिथेच कळलं.

पुढचे दोन महिने घराच्या मागच्या पडवीत एक मडकं होतं. गंजके खिळे, गूळ, पाणी. पंधरवड्यात त्याला आंबूस वास आला आणि वर फेस धरला. सासूबाई म्हणाल्या, "हे कोनाले पाजतं वं?" न रंगवलेल्या खादीवर आधी ब्रशने हिरड्याचा काढा लावायचा, फिकट पिवळा डाग पडतो. तो सुकला की त्यावर लोखंडाचं पाणी. ब्रश टेकताक्षणी पिवळ्याचा काळा होतो, डोळ्यादेखत. हिरड्यातला तुरटपणा लोखंडाला धरतो, तो हा रंग. पहिल्या पाच-सहा तुकड्यांवर रंग कडेने फुटला, रेघ म्हणून राहिली नाही. मग तिने बाभळीच्या डिंकाने पाणी दाट केलं आणि रेघ जागेवर बसली.

पळसाची फुलं उकळून केशरीही करून पाहिला. खिडकीपाशी ठेवलेला तुकडा चैत्र सरायच्या आत फिका पडला. तो नाद तिने सोडला. काळ्याबद्दलही मी तिला सावध केलं आहे. लोखंडाचा हा रंग काळाच्या ओघात सुताला कमकुवत करतो, जुन्या छापील कापडांत काळा भाग आधी विरतो तो म्हणूनच. लोखंड जितकं कमी लागेल तितकं बरं.

पण त्या मार्चमध्ये झालेलं चित्र बघताना मला हे काही आठवलं नाही. खादीच्या हातभर तुकड्यावर काळी जमीन, तीत पाय रोवून मागे तणलेली बाई, आणि ओटीत काहीच नाही, म्हणजे नुसती कोरी खादी. कापूस कापसानेच दाखवला होता.

नियम मोडून केलेली एक फेरी

त्याआधी फेब्रुवारीत ती उमरेड-भिवापूर करत नागभीडकडे मावशीच्या गावी गेली आणि रात्रभर राहिली. झाडीपट्टीतल्या नाटकाचा मोसम होता. दिवाळीनंतर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात गावोगाव रात्रभर नाटकं होतात, वडसा हे त्यांचं मुख्य ठाणं. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ती नाटकापेक्षा रंगवलेल्या पडद्यासाठी गेली. जवळून पाहिला तर हातभर रुंदीचे फटकारे, कडा ओबडधोबड. मग ती उठून शेवटच्या रांगेच्याही मागे, शेंगदाणेवाल्यापाशी जाऊन उभी राहिली. तिथून तोच पडदा जंगल झाला होता.

तेव्हापासून ती पडवीत चित्र टांगते आणि अंगणाच्या फाटकापर्यंत जाऊन बघते. तिथून बाईचा भार दिसला नाही तर चित्र उतरवून पुन्हा करते. मला हा बदल सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण आता शेरा मारायला मी लागत नाही.

बाकीच्या फेऱ्या

सगळ्या फेऱ्यांनी काही दिलं असं नाही. डिसेंबर २०२४ पर्यंत अकरा झाल्या. रामटेकला ऊन आणि गर्दी, काही झालं नाही. भद्रावतीला ग्रामोदय संघाची कुंभारकामाची भांडी पाहून ती आनंदली, पण कामात त्याचं काहीच उतरलं नाही. आणखी तीन-चार फेऱ्या अशाच गेल्या. जून ते ऑगस्ट पेरणी-डवरणीत घराबाहेर पडताच आलं नाही. मोजून चार फेऱ्यांनी काम बदललं: पवनार, ती गॅलरी, मगन संग्रहालय आणि झाडीपट्टी. प्रत्येकीने एकच गोष्ट दिली, आणि ती गोष्ट तिच्या हातातल्या अडचणीला नेमकी लागू पडली म्हणून रुजली. मगन संग्रहालयात ती वर्षभर आधी गेली असती तर त्या काळ्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नसतं, तेव्हा तिला काळ्याची अडचणच नव्हती. म्हणून आता मला कोणी "कुठे जाऊ?" असं विचारलं की मी आधी विचारतो, सध्या काय जमत नाहीये?

नऊ चित्रं झाली. गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात दोरी बांधून दोन दिवस लावली होती. वेचणीवाल्या बाया संध्याकाळी कापसाचं वजन झाल्यावर तशाच आल्या. कोणी कलेबद्दल बोललं नाही. त्या एकमेकींना "ही तू, ही मी" असं पाठीवरून आणि पायांवरून ओळखत होत्या.

सासूबाईंनाही एकदा पवनारला नेलं. पंचाहत्तरीपुढे एसटी फुकट आहे, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नव्हता. त्या बराच वेळ एका झिजलेल्या बाईच्या मूर्तीपुढे उभ्या होत्या. म्हणाल्या, "इच्या कमरीत उसण भरली हाये." ज्या आकृतीच्या पायाशी सुनेने पहिल्या दिवशी फुली मारली होती, तीच ही.

एक अडचण शिल्लक आहे. नऊही चित्रांत चेहरा नाही. सुरुवातीला ते ताकदीचं वाटलं, आता तिलाच ती पळवाट वाटते, आणि मला तिचं म्हणणं पटतं. ज्या बाया स्वतःला पाठीवरून ओळखतात त्यांचे चेहरेही कधीतरी यायला हवेत. पुढची फेरी तिने वैनगंगेकाठच्या मार्कंडाची ठरवली आहे. तिथल्या मंदिरांवर मूर्तींच्या रांगाच्या रांगा आहेत. एका दिवसात जाऊन येणं कठीण, चामोर्शीला मुक्काम पडेल. तूर निघाली की जाईन म्हणते.